तुम्ही विचारलंत म्हणून: सांगतंय कोण?

"बाई, गोष्ट वाचायची असते का फाडायची?"

हे मला वरचेवर ऐकावं लागतं. कॉलेजात मराठी शिकवत होते तेव्हा मुलं विचारायची. आता शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण सांगलीत विश्रामबागेत एकेक कथा-कादंबरी घेऊन बसतो, तिथे नवीन येणारा पहिल्याच दिवशी विचारतो. सिद्धान्त आला की वाचनातली मजा गेली, असं या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं.

जाते, काही वेळा नक्की जाते. संरचनावाद, मार्क्सवाद, स्त्रीवाद असे मोठे वाद कथेवर शिक्क्यासारखे मारले तर तिचं काही उरत नाही. "प्रस्तुत कथेतून पुरुषसत्ताक व्यवस्थेचे दर्शन घडते" असं वाक्य मी उत्तरपत्रिकांतून इतक्यांदा वाचलंय! ते कुठल्या कथेबद्दल आहे हे कुणी ओळखून दाखवावं. यात स्त्रीवादाचा काय दोष? लिहिणाऱ्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, कथेला त्याला काही विचारायचंच नसतं.

आणि फाडण्याचंच म्हणाल तर रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९७० साली बाल्झाकच्या एका कथेचे मोजून ५६१ तुकडे केले. कथा लहान, तिच्यावरचं पुस्तक कितीतरी मोठं. मी ते कौतुकाने वाचलं, पण शनिवारच्या मंडळींपुढे ठेवायची माझी छाती झाली नाही.

माझ्या कामी आले ते साधे प्रश्न. सांगतंय कोण? पाहतंय कोण? ऐकतंय कोण? आणि सुरुवात कुठून केली? पहिले दोन प्रश्न वेगळे आहेत, हे जेरार जेनेत या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये नीट मांडलं. पन्नाशीचा माणूस स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगतो तेव्हा आवाज पन्नाशीतला असतो, पण डोळे कधी सात वर्षांच्या पोराचे असतात. हे एकदा लक्षात आलं की 'मी' म्हणून सांगितलेल्या कितीतरी कथा वेगळ्या दिसायला लागतात.

सुरुवातीचा प्रश्न सांगलीत कुणाला शिकवावा लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, महापूर आला. घटना एकच. पण गावभागातली एखादी आजी सांगायला बसली की २००५ च्या पुरापासून सुरू करते: तेव्हा पाणी पायरीपर्यंत आलं होतं, तेवढंच येईल म्हणून आम्ही हललो नाही. दुसरा कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यापासून सुरू करतो, तिसरा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणापासून, चौथा नदीकाठच्या बांधकामांपासून. प्रत्येकाची गोष्ट खरी असते. पण सुरुवात बदलली की दोषी बदलतो. घडलेला क्रम वेगळा आणि सांगितलेला क्रम वेगळा, असं रशियातले रूपवादी समीक्षक शंभर वर्षांपूर्वी म्हणाले. आपल्याकडे मारुती चौकात चहा पिता पिता ते कळतं. म्हणून आता कादंबरी हातात घेतली की पहिल्याच पानावर मी विचारते, इथूनच का? यापेक्षा आधीपासून सुरू केलं असतं तर कोण अडचणीत आलं असतं?

आता 'ययाती'. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे, त्यामुळे आमच्या बैठकीत ती कादंबरी येणारच होती. १९५९ ची. बहुतेकांनी कॉलेजात असताना वाचलेली, आणि "भोगाने तृप्ती होत नाही" एवढं तात्पर्य घेऊन कपाटात ठेवलेली. मी म्हटलं, तात्पर्य राहू द्या, सांगतंय कोण ते बघा. ययाती सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. तिघंही 'मी' म्हणून. एकाच संसाराच्या तीन जबान्या. देवयानी ययातीच्या प्रकरणांत गर्विष्ठ वाटते. ती स्वतः बोलायला लागली की गर्व जात नाही, पण त्याच्याखालचं दुखणं दिसतं. एरवी गप्प बसणारे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या दिवशी तिची बाजू घेऊन तावातावाने भांडले. मजा गेली म्हणणाऱ्यांनी ते भांडण ऐकायला हवं होतं.

मग मूळ महाभारताकडे गेलो. तिथे ययातीची कथा आदिपर्वात येते. वैशंपायन ती जनमेजयाला सांगतो. आता जनमेजय कोण? पुरूच्या वंशातला राजा. ययातीच्या थोरल्या मुलाला, यदूला डावलून धाकट्या पुरूला गादी का मिळाली, हे ज्या कथेत येतं ती पुरूच्याच वंशजाला ऐकवली जातेय! पुरूने बापाला स्वतःचं तारुण्य दिलं हा त्याग आहेच, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो गादीवरचा हक्कही आहे. ऐकतंय कोण हा प्रश्न विचारला नसता तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं. खांडेकरांच्या कादंबरीत असा दरबार नाही. तिथे तिघं जण थेट आपल्याशी बोलतात, आणि निवाडा आपल्यावर येऊन पडतो.

सगळी हत्यारं सगळीकडे चालत नाहीत, हेही सांगायला हवं. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये रशियन परीकथांतून ३१ 'कार्यं', म्हणजे कथेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक घडामोडी, काढली. आधी मनाई, मग तिचा भंग, मग संकट, अशी ती चालतात. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांना ती छान लागतात. 'घेतला वसा टाकू नको' ही मनाई, कुणीतरी वसा टाकतं, दारिद्र्य येतं, पुन्हा वसा घेतला की सगळं परत मिळतं. पण हेच व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीला लावायला गेलात तर हाती काही येत नाही. तिथे पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे यावं लागतं. सांगणारा आहे बाहेरून आलेला तरुण मास्तर. आमच्यातल्या आटपाडीकडच्या बाई म्हणाल्या, "मास्तरानं गावाला बघितलं ते समजलं. गावानं मास्तराला कसं बघितलं, ते त्याच्याच तोंडून कळायचं म्हणजे अर्धंच की वो." माडगूळकर त्याच मुलखातले, माडगुळ्याचे. गाव आतून माहीत असलेल्या लेखकाने सांगायला बाहेरचा माणूस का निवडला असेल? यावर आमची एक आख्खी संध्याकाळ गेली आणि एकमत झालं नाही.

'ययाती'तही एक जागा अशीच खटकत होती. कच, संजीवनी विद्या शिकायला आलेला आणि देवयानीला नाकारणारा ऋषिकुमार. संयमाचा, त्यागाचा सगळा भार त्याच्यावर आहे, आणि तिघा निवेदकांत तोच नाही. तो आपल्याला दिसतो तो दुसऱ्यांच्या नजरेतून. तिच्या प्रेमात आणि रागात देवयानीला दिसलेला, शर्मिष्ठेला आधार वाटलेला, ययातीला स्वतःच्या उणिवेची आठवण करून देणारा. एका मुलीने विचारलं, याला का नाही बोलू दिलं? मी म्हटलं, तूच दे.

तिने कचाच्या तोंडी एक प्रकरण लिहून आणलं. तपश्चर्या, संजीवनी, देवयानीला दिलेला नकार, सगळं 'मी'मध्ये. भाषा चांगली साधली होती. पण दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत येता येता तो शांत ऋषिकुमार असा काही स्वतःचा मोठेपणा सांगायला लागला की हसू आवरेना. 'मी मोह जिंकला' हे वाक्य स्वतःच्या तोंडून कसंही लिहिलं तरी बढाईच होते. तिने तीनदा बदलून पाहिलं. शेवटी वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाली, "बाई, हा असाच बोलत राहिला तर मी देवयानीच्या पार्टीत." बँकवाल्या गृहस्थांनी टाळी दिली.