पॅच मागे घेण्याचा सराव: होमलॅबची नोंद

शनिवार

मागच्या नोंदीत होमलॅबमधला, म्हणजे घरच्या प्रयोगशाळेतला, सर्व्हर अपडेट केल्याचं लिहिलं होतं. तो फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे. दोनच दिवसांत मोठ्या फाइली कॉपी करताना नेटवर्क अडकायला लागलं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, संदेशांत) लिंक पडली, लिंक आली, अशा ओळींची रांगच. संशय अपडेटवर होता, पण नुसत्या संशयावरून पॅच (अपडेटमधून आलेली दुरुस्ती) काढायला माझी तयारी नाही. त्यातले कितीतरी सुरक्षेचे असतात. काढला की बुजवलेलं भोक पुन्हा उघडं.

म्हणून काहीही न काढता रीबूट केलं आणि ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूतून आधीचं कर्नल निवडलं. बाकीची पॅकेजं जुन्याची जागा घेतात, कर्नल मात्र जुन्याच्या शेजारी येऊन बसतं. डीएनएफच्या (फेडोरात पॅकेजं चढवण्या-काढण्याच्या साधनाच्या) मूळ सेटिंगप्रमाणे अशी ३ कर्नलं मशीनवर राहतात. जुन्या कर्नलवर ४० जीबीची तीच फाइल तीनदा कॉपी केली, लिंक एकदाही पडली नाही. नव्यावर परत आलो, सातव्या मिनिटाला पडली. एवढा पुरावा मला पुरला.

ग्रबी (ग्रबच्या नोंदी बदलणारी कमांड) वापरून जुनं कर्नल डिफॉल्ट केलं. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: पुढचं कर्नल आलं की डिफॉल्ट पुन्हा त्याच्याकडे जातं. सिसकॉन्फिग या सेटिंगच्या फोल्डरमधल्या कर्नल फाइलीत 'अपडेटडिफॉल्ट' तात्पुरतं 'नो' केलं. बाकीचे सगळे पॅच जागेवर आहेत, आणि मला हेच हवं होतं.

रविवार

काम भागलं होतं, पण मन मानेना. उद्या कर्नलऐवजी दुसरंच काही बिघडलं तर? अपडेटच्या आधीचा बॅकअप एका व्हर्च्युअल मशीनवर उतरवला, रूट व्हॉल्यूमचा (सिस्टीम जिथे असते त्या भागाचा) एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला, म्हणजे डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या एलव्हीएमकडून त्या क्षणाची स्थिती जपून ठेवली, आणि तेच अपडेट चढवलं.

पहिला प्रयत्न डीएनएफच्या हिस्टरीतून. व्यवहाराचा क्रमांक शोधला, 'इन्फो'ने ११२ पॅकेजं दाखवली, 'अनडू' म्हटलं. नकार! जुन्या आवृत्त्या मिळतच नव्हत्या. फेडोराच्या अपडेट रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात) प्रत्येक पॅकेजची ताजी आवृत्तीच ठेवतात, त्यामुळे मधल्या आवृत्तीवर परतायला रस्ता नाही. आता 'कीपकॅश' चालू केलंय, म्हणजे उतरवलेली पॅकेजं डिस्कवर राहतील. तरीही ग्लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) किंवा एसईलिनक्सची (सुरक्षायंत्रणेची) पॉलिसी अशी उलटी फिरवणार नाही. रेड हॅटच्या कागदपत्रांतही ही पॅकेजं हिस्टरीतून मागे नेण्याला पाठिंबा नाही असं स्पष्ट म्हटलंय. शिवाय पॅकेज मागे गेलं तरी त्याच्या स्क्रिप्टने बदललेली सेटिंग किंवा डेटाबेसची रचना आपोआप मागे जात नाही.

मग स्नॅपशॉट. 'एलव्हीकन्व्हर्ट' या कमांडला मर्ज, म्हणजे स्नॅपशॉटच्या स्थितीवर परत जायला, सांगितलं. रूट वापरात असल्यामुळे मर्ज पुढच्या बूटला सुरू होतो. रीबूट केलं, लॉगिन आलं, सगळं जुनं दिसत होतं. पण नेटवर्क कार्डच गायब!

हे कोडं सोडवायला जवळजवळ दोन तास गेले, पण फार शिकवून गेले. 'बूट' हे वेगळं पार्टिशन, एलव्हीएमच्या बाहेरचं. रूट मागे गेलं, बूट पुढेच राहिलं. ग्रबने नवं कर्नल उचललं, पण त्याच्या मॉड्यूलचं (लागेल तसे जोडले जाणारे ड्रायव्हर वगैरे) फोल्डर रूटवर होतं आणि ते मर्जमध्ये गेलं. डिस्कचे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये ('बूट'वरच्या, सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलसंचात) असल्याने मशीन उठलं. नेटवर्कचं मॉड्यूल मिळालं नाही. आरपीएमचा (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा) डेटाबेसही रूटबरोबर मागे गेलेला, त्यामुळे त्याला हे नवं कर्नल माहीतच नाही! जुनं कर्नल निवडताच सगळं जागेवर आलं.

तेव्हापासून स्नॅपशॉट घेतानाच 'बूट'चीही टार प्रत (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली) काढतो. डेटा आधीपासून वेगळ्या व्हॉल्यूमवर आहे, नाहीतर खऱ्या सर्व्हरवर असं करताना स्नॅपशॉटनंतरचं कामही मर्जबरोबर पुसलं जाईल. आणि 'एलव्हीएस' या कमांडमधला स्नॅपशॉटच्या भरलेल्या जागेचा टक्का बघत राहा. साधा स्नॅपशॉट पूर्ण भरला की निकामी होतो. मोठ्या अपडेटला तो वेगाने भरतो.

मंगळवार

विंडोज सर्व्हरच्या व्हर्च्युअल मशीनवरही एक संचयी (आधीचे बदलही सामावणारं) अपडेट काढून पाहिलं. 'वुसा' या विंडोजच्या अपडेट साधनाने काढता आलं नाही, कारण त्याच पॅकेजात सर्व्हिसिंग स्टॅक (अपडेट बसवणारा घटक) असतो आणि तो काढता येत नाही. डिझम या दुसऱ्या कमांडमध्ये पॅकेजांची यादी काढून संचयी अपडेटचं पूर्ण नाव दिलं, तेव्हा निघालं. ज्यांनी जागा वाचवायला डिझमचा 'रीसेटबेस' (जुन्या आवृत्त्या पुसणारा पर्याय) चालवलाय, त्यांना आधीची अपडेट काढता येणार नाहीत, हे तो चालवण्याआधी लक्षात घ्या.

खरा सर्व्हर अजून जुन्या कर्नलवरच आहे, लिंक एकदाही पडलेली नाही. पुढचं कर्नल आलं की तीच ४० जीबीची फाइल तीनदा कॉपी करेन. टिकलं तर 'अपडेटडिफॉल्ट' परत 'येस'.