तुम्ही विचारलंत म्हणून: भरकटलेलं यान सात वर्षं कसं पुरतं?

विज्ञानकथा लिहू पाहणारी सोलापुरातली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, यान घरापासून लांब अडकलंय, एवढ्याच गोष्टीवर मालिका वर्षानुवर्षं चालते कशी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

'स्टार ट्रेक: व्हॉएजर' ही अमेरिकन टीव्ही मालिका (१९९५ ते २००१) घ्या. यान आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला फेकलं जातं. पृथ्वी ७०,००० प्रकाशवर्षं दूर, पूर्ण वेगानं निघालं तरी ७५ वर्षं लागणार. आकडा ऐकून छाती दडपते, पण ती धास्ती चार-दोन भागच टिकते. जवळचा रस्ता सापडला की प्रेक्षक ओळखतो, हा बंद होणार. नाहीतर मालिकाच संपेल.

गोष्ट अंतरावर पुरत नाही, हिशेबावर पुरते. पहिल्याच सीझनमध्ये सांगितलं जातं, यानावर ३८ फोटॉन टॉर्पेडो (शत्रूवर डागायची क्षेपणास्त्रं) आहेत आणि संपले की नवे मिळणार नाहीत. पुढे त्याहून कितीतरी जास्त डागले गेले. मला याचं खरंच वाईट वाटतं. १९९७ च्या 'इयर ऑफ हेल' या भागात यानाची चाळण होते, माणसं जातात, आणि शेवटी काळच मागे फिरतो. यान पुन्हा कोरं करकरीत!

सोलापूरकराला हे पचत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. पाहुणे येणार म्हटलं की आधी पिंपाचं झाकण उघडून आत बघतात. पिंप रिकामं झालं यात गोष्ट नसते. अर्ध्यावर असताना आधी आंघोळ कुणी करायची, यात असते.

हे रोनाल्ड मूर यांना नेमकं कळलं होतं. 'व्हॉएजर'च्या लेखनात ते थोडा काळ होते; नंतर त्यांनी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका नव्यानं उभी केली. त्यात संहारातून वाचलेली थोडी माणसं यानांच्या ताफ्यातून शत्रूपासून पळत असतात. तिथे राष्ट्राध्यक्ष रोझलिन यांच्या यानात एक पांढरा फळा आहे, त्यावर जगात उरलेल्या माणसांची संख्या. '३३' या भागात दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो, कुणाच्याच डोळ्याला डोळा नाही. आकडा घसरत घसरत ४७,९७२ वर येतो. शेवटी ताफ्यात एक मूल जन्मतं आणि रोझलिनबाई स्वतःच्या हातानं फळ्यावर ४७,९७३ करतात. तेवढ्यासाठी मी तो भाग पुन्हा पुन्हा बघते.

तरी 'व्हॉएजर'ला मोडीत काढू नका. यानावरच जन्मलेली नाओमी, लहानपणीच बोर्गांनी (माणसांना अर्धयंत्र करून आपल्यात ओढणाऱ्या शत्रूंनी) पळवलेली सेव्हन ऑफ नाइन... यांना कसली पृथ्वीची ओढ? त्यांचं घर यानच. ही माणसं आली आणि "पोचणार कधी?" ऐवजी "पोचायचं कशाला?" हा प्रश्न उभा राहिला. मालिकेला खरं बळ तिथे मिळालं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तर शेवट खटकतो. पृथ्वी समोर दिसते आणि मालिका संपते. नाओमीला ती कशी वाटली, तिथे तिला करमलं का, हे आपल्याला कळतच नाही. तो एक भाग त्यांनी लिहायलाच हवा होता.