तुम्ही विचारलंत म्हणून: पात्रता फेरीच का?

टेनिसची ग्रँड स्लॅम स्पर्धा जवळ आली की ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. सिनर आणि अल्काराझ या अव्वल खेळाडूंचे सामने आठवड्याभरात घरबसल्या दिसणारच असताना, क्रमवारीत पहिल्या शंभरांबाहेर असलेल्या भारताच्या सुमित नागलच्या पात्रता फेरीचा गुणफलक पाहण्यासाठी भल्या पहाटे उठायचे, यात तुम्हाला एवढे काय मिळते? थोडक्यात उत्तर द्यायचे तर त्या सामन्यांत प्रत्येक गुणाची किंमत मला ठाऊक असते, आणि ती खेळणाऱ्या दोघांनाही ठाऊक असते. पण एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत 128 जागा असतात. त्यांतल्या 104 क्रमवारीनुसार थेट भरल्या जातात, 8 वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांच्या पसंतीने, दिल्या जातात आणि उरलेल्या 16 जागांसाठी आदल्या आठवड्यात आणखी 128 खेळाडू झुंजतात. लागोपाठ तीन सामने जिंकणारा आत जातो. यातला तिसरा सामना माझ्या मते साऱ्या टेनिसमधला सर्वांत जीवघेणा सामना असतो. मेलबर्नला झालेल्या 2024 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेचेच आकडे पाहा: पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत हरणाऱ्याला 65,000 ऑस्ट्रेलियन डॉलर होते, तर जिंकून मुख्य स्पर्धेत गेलेल्याला, तिथे पहिल्याच सामन्यात हरला तरी, 1,20,000. बक्षिसाची रक्कम जवळजवळ दुप्पट करणारा हा सामना बाहेरच्या एखाद्या कोर्टवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर, तीनच सेटचा खेळला जातो.

त्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळणाऱ्या नागलच्या बाबतीत हा हिशेब अधिकच टोकदार होता. त्याआधी काहीच महिने, सप्टेंबर 2023 मध्ये, आपल्या बँकेच्या खात्यात जेमतेम 900 युरो उरले असल्याचे त्याने एका मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. त्या वेळी तो भारताचा अव्वल एकेरी खेळाडू होता. प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेल आणि फिजिओ यांचा खर्च खेळाडूच्याच खिशातून जातो, आणि चॅलेंजर या दुय्यम स्तरावरच्या स्पर्धांच्या बक्षिसांत तो भागता भागत नाही. एवढे माहीत असले की मेलबर्नचा सकाळचा सामना पाहण्यासाठी आपल्याकडे पहाटे साडेचारला उठणे फारसे जड जात नाही.

पाहणे म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा फोनवरच्या दोन ओळी. वरच्या ओळीत एक नाव, खालच्या ओळीत दुसरे, आणि ज्याची सर्व्हिस असेल त्याच्या नावापुढे एक ठिपका. 40-30 चे ड्यूस, म्हणजे 40-40, झाले, हे कळते. पण डबल फॉल्ट झाला, की प्रतिस्पर्ध्याने रेषेवर अप्रतिम फटका मारला, हे कळत नाही. मग आकडा बराच वेळ हलला नाही की रॅली लांबली असेल, असे आपणच ठरवतो. (नेट गेलेले असते, ही शक्यता मी सहसा विचारात घेत नाही.) 2024 च्या त्या स्पर्धेत जागतिक क्रमवारीत 137 वा असलेल्या नागलने अखेरच्या पात्रता सामन्यात अ‍ॅलेक्स मोल्चान या एके काळी पहिल्या चाळिसांत असलेल्या स्लोव्हाक खेळाडूला 6-4, 6-4 असे हरवले. पुढे मुख्य स्पर्धेत त्याने 31 व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये घरी पाठवले, तेव्हा 1989 मध्ये रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला नमवणारा पहिला भारतीय म्हणून त्याचे सर्वत्र कौतुक झाले. मलाही अभिनंदनाचे संदेश आले, जणू सर्व्हिस मीच केली होती. माझ्या लेखी मात्र खरा सामना मोल्चानविरुद्धचा होता, कारण बुब्लिककडून हरला असता तरी नागलचे वर्ष सावरले होते.

‘बहुतेक वेळा हरणाऱ्याला पाहून वाईट नाही वाटत?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला. त्यावर मी रामकुमार रामनाथनचे नाव घेतो. 2018 मध्ये न्यूपोर्टच्या एटीपी (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतल्या) स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या या खेळाडूने ग्रँड स्लॅमच्या एकेरीत शिरण्याचा वीसहून अधिक वेळा प्रयत्न केला आणि तो दरवेळी पात्रतेतच अडला. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये तर तो तिसऱ्या सामन्यापर्यंत गेला होता आणि वासेक पोस्पिशिलकडून तीन सेटमध्ये हरला. त्याची कीव करणारे भेटतात, तेव्हा मला राग येतो. नेटकडे झेपावत जाणारा त्याचा जुन्या वळणाचा खेळ पाहण्यात जो आनंद आहे, तो ग्रँड स्लॅमच्या नोंदवहीत त्याचे नाव नाही म्हणून कमी होत नाही.

शिवाय पात्रतेत हरलेल्याची गोष्ट तिथेच संपते असेही नाही. मुख्य स्पर्धेतून कोणी ऐन वेळी माघार घेतली की ‘लकी लूझर’ला बोलावणे येते. 2018 च्या फ्रेंच स्पर्धेत इतक्या जणांनी माघार घेतली की पात्रतेत हरलेल्या प्रज्ञेश गुणेश्वरनलाही जागा मिळाली असती. पण तोवर त्याने इटलीतल्या विचेन्झाच्या चॅलेंजर स्पर्धेत नाव दिले होते आणि नियमाने त्याला परतता येईना. ती जागा बार्सिलोनाला परतलेल्या मार्को त्रुंगेलिती या अर्जेंटिनी खेळाडूकडे गेली. आई, भाऊ आणि आजीला भाड्याच्या गाडीत बसवून तो सुमारे हजार किलोमीटर अंतर कापत पॅरिसला पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी बर्नार्ड टॉमिचला हरवून मोकळा झाला. जगाला ती आजी आठवते, मला विचेन्झा आठवते. नागललाही 2024 च्या इंडियन वेल्स स्पर्धेत अशीच जागा मिळाली, आणि तीही चक्क राफाएल नदालने माघार घेतल्यामुळे रिकामी झालेली. मिलोस राओनिचसमोर त्याचा निभाव लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुण्यात बालेवाडीला स्पर्धा असते, तेव्हा हे सारे हाताच्या अंतरावर दिसते. पात्रतेच्या दिवशी बाहेरच्या कोर्टच्या जाळीला टेकून उभे राहिले, तर खेळाडू स्वतःशी पुटपुटतो ते शब्द ऐकू येतात. बाजू बदलताना तो रॅकेटच्या मुठीवरची घामाने भिजलेली ग्रिप सोडवतो, दातांनी नव्या ग्रिपची पट्टी फाडतो, नवी ग्रिप गुंडाळतो, आणि हे सारे पंचांनी वेळ पुकारण्याच्या आत उरकतो. मध्यवर्ती कोर्टच्या वरच्या रांगेतून यातले काहीही दिसत नाही.

नागलचे म्हणाल, तर बुब्लिकवरच्या त्या विजयानंतर तो चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून पहिल्या शंभरात आला आणि जुलै 2024 मध्ये 68 व्या क्रमांकापर्यंत चढला. पण क्रमवारीचे गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात. जानेवारी 2025 मध्ये मेलबर्नला त्याला थेट प्रवेश होता. तिथे तो पहिल्याच फेरीत हरला, आदल्या वर्षीचे गुण वजा झाले आणि त्याच वर्षी पॅरिसला तो पुन्हा पात्रता फेरीत उभा होता. दोन्ही स्पर्धा मी तितक्याच आस्थेने पाहिल्या. पॅरिसला फायदा एवढाच, की आपल्याकडे तेव्हा दुपार असते.