ऊब खडीतच अडकली होती

मार्चमधली संध्याकाळ. तासगावजवळच्या एका बेदाणा शेडवरून अण्णांचा फोन आला, "साहेब, आभाळ भरून आलंय आन् ब्लोअरमधनं गारच वारं येतंय. लगोलग निघा." जाळीवर चौथ्या दिवसाचा माल होता. अशा मालाला रात्रभर दमट हवा लागली की मणी काळा पडतो आणि भाव पार कोसळतो.

हिरवा रंग टिकावा म्हणून बेदाणा सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. रात्रीच्या दमटपणावर उपाय म्हणून शेडमागे विटांचा हौद बांधून त्यात चार ब्रास खडी भरली होती, साधारण 18 टन. एकसारखी, 40 एमएमची, कच म्हणजे बारीक चुरा धुऊन काढलेली. कच राहिली तर फटी बुजतात आणि वारा कोंडतो. दिवसा छपरावरच्या काळ्या पत्र्यावर तापलेली हवा या खडीतून फिरते. खडी 25 अंशांनी तापली, की जवळपास 100 युनिट विजेएवढी उष्णता तिच्यात साठते. रात्री ब्लोअरनं, म्हणजे मोठ्या पंख्यानं, तीच ऊब शेडमध्ये सोडायची.

पोचलो तेव्हा थेंब पडू लागले होते. हौदाचा वरचा थर्मामीटर 58 दाखवत होता, खालचा 26. ऊब होती, मग येत का नव्हती? टॉर्च घेऊन डक्टच्या, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या, कडेकडेनं गेलो आणि कळलं. हवा दिवसा वरून खाली जायला हवी, रात्री खालून वर. ठेकेदारानं रात्रीचा डक्ट टाकलाच नव्हता. रात्रीही हवा वरूनच शिरत होती आणि वरची ऊब खालच्या गार खडीत मुरत होती. फार संताप आला. चार पत्रे वाचवायला शेतकऱ्याचं अख्खं वर्ष पणाला! काम ताब्यात घेताना मीही रात्री चालवून बघायला हवं होतं.

ब्लोअर सोडवला, तोंडं बदलली, सांध्यांना ताडपत्री गुंडाळून तारेनं आवळली. पावणेदहाला बटण दाबलं. अण्णांनी डक्टसमोर आधी तळहात धरला, मग गाल. "आली ओ, आली!"

बाहेर 22 अंश होते. गरम वाऱ्यात बाहेरची हवा मिसळून शेडमध्ये 32 वर सोडली. हवा दहा अंशांनी तापली की तिचा दमटपणा जवळजवळ निम्मा होतो. बेदाण्याला तेवढं पुरतं.

पहाटे चारला खालच्या झडपेतून एक खडा काढला. गार होता. वरचा काटा अजून 51 वर.

पडद्यालगतच्या दोन रांगा शिंतोड्यांनी गेल्या. आतला माल हिरवाच होता. अण्णा एकेक जाळी बोटांनी चाचपत पुढे सरकत होते.