प्लॉट का विकला? तुम्ही विचारलंत म्हणून

"प्लॉट विकलासा म्हणे? दवाखान्याला कमी पडलं काय?" बेळगावच्या खडेबाजारात भेटेल तो हेच विचारतो. डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पण प्लॉट त्यासाठी गेला नाही.

येळ्ळूर शिवारात आमचं बासमतीचं शेत होतं. वडील गेल्यावर ते एन.ए. (बिगरशेती) करून मी प्लॉट पाडले, रस्त्याकडेचा एक राखला. दरवर्षी त्याचा भाव काढायचा आणि विकायचा नाही, हा माझा छंद. (त्याची गोडी चहाला नाही. आता तर चहाही मोजून.)

साखरेनं किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, जवळच्या नात्यात देणारं कोण आहे? माझ्या तोंडून पहिलं नाव बहिणीचं आलं. १९९८ साली गडहिंग्लजला दिलेली. वाटणीच्या वेळी मात्र हे नाव मी घेतलं नव्हतं. आमच्या कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा १९९४ च्या कायद्यानंच आला; केंद्राचा कायदा २००५ चा. मला दोन्ही ठाऊक होते. ठाऊक नसते तर हक्कसोड कशाला करून घेतलं असतं?

कागद कन्नडात. माझी नोकरी हुबळीत झालेली, मला वाचता येतं. तिला येत नाही. "इथं सही कर," म्हटलं. तिनं केली, आणि जाताना माझ्या पोराच्या हातावर पन्नास रुपये ठेवले.

तपासणीला ती लगेच आली. तिलाही साखर निघाली, डॉक्टर नको म्हणाले. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

सुया टोचलेला हात चार तास हलवायचा नसतो. पडल्या पडल्या हिशेब सुरू होतो. गुंठ्याचा भाव मला पाठ होता. त्यातले माझे गुंठे किती, हे तिथं पहिल्यांदा मोजलं.

विकला. तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या खात्यात भरले. पोरगा महिनाभर धड बोलला नाही. तिनं नको-नको केलं नाही, घेतले. ते मला बरं वाटलं. मग म्हणाली, "दादा, तो कागद वाचून दाखव की आता."

एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. "स्वखुशीनं" आलं तसं तिनं थांबवलं.

"हे मी कधी म्हटलं होतं?"