पिसेया की आबिएस?

कंटेनर तीन दिवस अडकला तो एका शब्दामुळे, आणि तो शब्द मीच तपासून पुढे पाठवला होता.

गोव्यात वास्को बंदरावर आमचं क्लिअरिंगचं, म्हणजे आलेला माल जकातीतून सोडवायचं काम. लाकूड आलं की इनव्हॉइस, फायटो (माल कीडमुक्त असल्याचा दाखला) आणि आमचा अर्ज जुळावा लागतो. इनव्हॉइसवर ‘फर’ होतं, जर्मनीच्या फायटोवर ‘पिसेया आबिएस’. आमच्या पोराने अर्जात नुसतं ‘आबिएस’ टाकलं. आबिएस म्हणजे फर हे मला पक्कं ठाऊक, म्हणून मीही सही केली. जकातीच्या यादीत फर आणि स्प्रूस ही दोन्ही सूचिपर्णी झाडं एकाच ओळीत, ४४०७ १२, त्यामुळे संगणकालाही खटकलं नाही. खटकलं ते क्वारंटाइनच्या मॅडमना, आणि त्यांचंच बरोबर होतं: पिसेया आबिएस म्हणजे स्प्रूस. कीड झाडागणिक वेगळी असते, म्हणून तर तो रकाना. आमच्या धंद्यात मात्र शास्त्रीय नाव म्हणजे कसंतरी भरून टाकायची जागा. याची मला मनापासून चीड येते.

यार्डात दार उघडलं. उन्हाने आतून भपकारा आला. एका फळीतून राळ पाझरली होती, मधाच्या रंगाची. बोट लावलं, ते चिकटलं. फरच्या लाकडात सहसा राळेच्या नळ्या नसतात, स्प्रूसमध्ये असतात.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांकडे गेलो. पोर्तुगीज काळात लॅटिन शिकलेले. “आबिएस म्हणजे आपला आबेतु रे,” ते म्हणाले. आबेतु म्हणजे पोर्तुगीजमध्ये फर. सेव्हिलच्या इसिदोरने सातव्या शतकात या नावाची फोड केली होती: इतर झाडांना मागे टाकून दूर वर जातं ते. आजचे अभ्यासक ही फोड मानत नाहीत. शब्द लॅटिनच्याही आधीच्या कुठल्या भाषेतला असावा, असा त्यांचा कयास.

घोळ पुढचा आहे. रोमन लोकांचा आबिएस म्हणजे फर. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली ते नाव स्प्रूसला दिलं आणि ‘पिसेया’ फरला. नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचा, नंतर सुधारला, पण आधी दिलेला दुसरा शब्द, म्हणजे जातिनाम, टिकवायचा हा नियम. म्हणून स्प्रूसच्या शेपटीला फरचं नाव आजही आहे. पहिला शब्द मात्र खरा: पिसेयाच्या मुळाशी ‘पिक्स’, म्हणजे डांबर, राळ. तो मी वाचूनही वाचला नाही.

दुरुस्ती झाली, डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकल्याचा आकार, आम्ही भरलं. पोराला बोललो नाही, सही माझी होती. फळीचा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “हात लावून बघ.”