तुम्ही विचारलंत म्हणून: कण एकच होता हे कशावरून?

द्रावणातले नॅनोकण एकेक करून इलेक्ट्रोडवर (करंट मोजायच्या विजेच्या टोकावर) आपटतात तेव्हा येणाऱ्या करंटवरून ते मोजायचे, हे माझं काम. ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "इतका बारीक कण इलेक्ट्रोडवर आपटलेला कळतो, बरं, पण तो एकच होता हे कशावरून?" प्रश्न रास्त आहे, पेपरचे रिव्ह्यूअर पण हेच विचारतात, फक्त जरा खडूसपणे.

आमचा इलेक्ट्रोड म्हणजे सात-दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कार्बन फायबर, काचेत सील करून टोक घासून सपाट केलेला, म्हणजे द्रावणाला लागतो तो फक्त एक गोल ठिपका. इतका बारीक का, तर बॅकग्राउंड करंट, म्हणजे कण नसतानाही वाहणारा, क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि मोठ्या इलेक्ट्रोडवर एका कणाचे मोजके पिकोअँपिअर (अँपिअरचा लाख-कोटीवा भाग) नॉइजमध्ये कुठल्या कुठे जातात. हे सगळं फॅराडे केजमध्ये, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणाऱ्या धातूच्या पेटीत, बंद करून ठेवायचं, नाहीतर स्क्रीनवर कणांऐवजी भिंतीतल्या वायरिंगचीच गाणी.

आता चांदीचा २० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) कण घ्या, त्यात साधारण अडीच लाख अणू असतात, इलेक्ट्रोडवर पुरेसं पॉझिटिव्ह व्होल्टेज असेल तर कण टेकतो आणि विरघळतो, दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणजे एकूण चार्ज जवळपास ४० फेम्टोकूलंब (चार्जचं अगदी बारीक एकक). स्क्रीनवर एक स्पाइक येतो, म्हणजे करंट क्षणभर उसळून खाली येतो. नवीन मुलं त्याची उंची बघतात, मी म्हणते उंची सोडा, ती नॉइज गाळणाऱ्या फिल्टरने दबते आणि स्पाइक पसरट होतो, पण त्याखालचं क्षेत्रफळ, म्हणजे चार्ज, तसाच राहतो. चार्जवरून अणू, अणूंवरून आकार, आणि तो मायक्रोस्कोपशी जुळला की निम्मं उत्तर मिळालं. (२००७ मध्ये शाओ आणि बार्ड या संशोधकांनी प्लॅटिनमचे कण असेच पकडले ते प्रकरण वेगळं, तिथे कण विरघळत नाही, कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन चालवत, बसतो, त्यामुळे करंट पायरीसारखा चढतो आणि वरच राहतो.)

दोन कण एकदम आले तर? १० पिकोमोलरचं, म्हणजे कण अगदी विरळ असलेलं, द्रावण आणि १० मायक्रॉनचा इलेक्ट्रोड धरला तर डिफ्युजनच्या (कणांच्या आपोआप भटकण्याच्या) हिशेबाने सेकंदाला तीनेक कण येतात, स्पाइक पाच मिलिसेकंदांचा धरा, म्हणजे एकावर एक पडायची शक्यता शंभरात एक-दोन. त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे आधीच चिकटून आलेल्या जोडीची, कारण मोजायला द्रावणात मीठ लागतंच आणि मिठाने चांदीचे कण गठ्ठे करतात, मग दुप्पट चार्जचे स्पाइक दिसायला लागतात. म्हणून कण शेवटी घालायचे आणि लगेच मोजायचं, चहाला जायचं नाही.

खरं डोकं खातो तो उलटा प्रश्न. २०१७ च्या सुमारास वेगवान मोजमापांतून दिसलं की चांदीचा कण, विशेषतः मोठा, एका दमात संपतोच असं नाही, टेकतो, थोडा विरघळतो, सुटतो, परत टेकतो. मग चार स्पाइक म्हणजे चार कण का एकाच्या चार टपल्या? हे अंतरावरून ओळखायचं, वेगवेगळे कण सरासरी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या अंतराने येतात, टपल्या मात्र मिलिसेकंदांत एकामागोमाग, आणि फिल्टर स्लो ठेवलात तर त्या सगळ्या मिळून एकच गुळगुळीत स्पाइक दिसतो.